ध्रुवावरचा बर्फ आणि कोलशेतची खाडी

"बाई, तिकरं बरफ वितललं तं आमचे खाडीला काय व्हनार?"

कोलशेतच्या बंदरावर संध्याकाळी फिरायला गेले असताना हा प्रश्न मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारला. विद्यार्थी म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, भूगोलाच्या तासाला खिडकीतून खाडीकडे पाहणारा. त्याच्या वडिलांची होडी होती, त्याचीही होती. आता होडी उलटी करून किनाऱ्यावर ठेवलेली आहे आणि मुलगा कोलशेत रस्त्यावर रिक्षा चालवतो. मी उत्तर ध्रुवाकडे जाऊन आले, ही बातमी गावात माझ्या आधी पोहोचली होती. लोकांनी विचारले ते थंडी किती होती, अस्वल दिसले का, जेवणाचे काय केले. खाडीचे विचारणारा हा एकटाच.

मी छत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. टुंड्रा प्रदेश, सहा महिन्यांचा दिवस, सहा महिन्यांची रात्र, बर्फाची घरे, रेनडियरच्या गाड्या हे सारे मी न पाहता शिकवले आणि मुलांनी न पाहता पाठ केले. परीक्षेत त्याला चार गुण असत. पण बर्फ वितळला तर आमच्या खाडीचे काय, हा प्रश्न ना पुस्तकात होता, ना माझ्या मनात. त्या संध्याकाळी मी त्याला धड उत्तर देऊ शकले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

लोकमान्यांनी दाखवलेली दिशा

मराठी माणसाला उत्तर ध्रुवाचा प्रदेश परका नाही. आपल्याकडे तो एका पुस्तकाच्या वाटेने आला. लोकमान्य टिळकांचा 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ १९०३ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. त्याचा पहिला मसुदा १८९८ च्या अखेरीस, म्हणजे राजद्रोहाच्या शिक्षेतून सुटून आल्यावर, त्यांनी लिहून काढला होता. वेदांतली लांबच लांब उषा, तैत्तिरीय संहितेतल्या तीस उषा, देवांचा सहा महिन्यांचा दिवस, न संपणाऱ्या रात्रीचे भय, या साऱ्यांचा अर्थ ध्रुवप्रदेशाचे आकाश डोळ्यांसमोर ठेवले तरच लागतो, असे टिळकांचे म्हणणे होते.

आज हे मत विद्वानांना मान्य नाही. शेवटच्या हिमयुगापूर्वी उत्तरेकडे जो उबदार काळ होता, तो टिळकांना वाटला त्याहून कितीतरी जुना, सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीचा ठरला. भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व यांचे बहुसंख्य अभ्यासक युरेशियाच्या गवताळ प्रदेशाकडे बोट दाखवतात, बर्फाळ समुद्राकडे नाही. पण सिद्धान्त चुकला म्हणून ग्रंथकर्त्याची धडपड लहान होत नाही. ज्या प्रदेशात आपण कधी पाऊल टाकले नाही, तिथला सूर्य कसा उगवत असेल याचा हिशेब पुण्यात बसून मांडणे सोपे नव्हते.

आणखी एक योगायोग. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये स्पिट्सबर्गन, म्हणजे आजच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाविषयी एक करार झाला. त्यावर सह्या करणाऱ्यांत ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचेही नाव होते. त्याच वर्षी १ ऑगस्टला मुंबईत लोकमान्य गेले. त्या कराराने बेटांवर नॉर्वेची सत्ता मान्य केली, पण करारातल्या देशांच्या नागरिकांना तिथे राहण्याचा आणि उद्योग करण्याचा समान हक्क दिला. म्हणजे कागदोपत्री पाहिले तर कोलशेतचा कोळीही तिथे जाऊन राहू शकतो. व्हिसा लागतो तो फक्त वाटेत नॉर्वेत उतरावे लागते म्हणून.

बोंबील आणि कॉड

माझी भाची नॉर्वेतल्या ट्रोम्सो गावी नोकरी करते. तिच्या आग्रहामुळे २०२४ च्या जूनमध्ये मी गेले. ट्रोम्सो आर्क्टिक वृत्ताच्या बरेच उत्तरेला आहे. तरीही तिथला समुद्र हिवाळ्यात गोठत नाही, कारण अटलांटिक महासागरातला उबदार प्रवाह तिथवर पोहोचतो. 'ध्रुवाकडे म्हणजे सगळे गोठलेले' हे मी वर्गात ठोकून सांगत असे. ते पहिल्याच दिवशी मोडीत निघाले. मुले सायकली चालवत होती आणि खिडक्यांत फुलांच्या कुंड्या होत्या.

तिथून बोटीने आम्ही लोफोटेन बेटांवर गेलो. किनाऱ्यावर लाकडी वाशांच्या मोठमोठ्या चौकटी पाहिल्या आणि मी चालता चालता थांबले. वसई, उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवायच्या वलांड्या असतात, अगदी तशाच. दर हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातून कॉड मासा अंडी घालायला या बेटांजवळ येतो. फेब्रुवारी ते एप्रिल हा मासेमारीचा हंगाम. मासे साफ करून दोन-दोन शेपट्यांना बांधून वाशांवर टाकतात आणि जूनच्या सुमारास उतरवतात. मिठाचा कणही लावत नाहीत. आपल्याकडे बोंबील उन्हाने वाळतो, तिथे कॉड गार वाऱ्याने. ऊन जास्त झाले तर मासा नासतो आणि कडक गोठला तर त्याचा पोत बिघडतो. शून्याच्या जरा वर-खाली असलेली हवा हेच त्या धंद्याचे भांडवल.

हा सुका मासा इटलीला जातो आणि त्याची मुंडकी नायजेरियाला जातात. शेकडो वर्षांचा हा व्यापार आहे. भाचीने एक तुकडा हातात दिला. वास नाकात गेला आणि मला ठाण्याच्या मासळीबाजारातली सुक्याची रांग आठवली. "मावशी, इथे येऊन तुला सुकटच दिसली का?" असे म्हणून ती हसली. पण मला बरे वाटले. ज्या प्रदेशाला मी आयुष्यभर नकाशातला पांढरा डाग समजत होते, तिथेही लोक वाऱ्याकडे पाहून मासे वाळत टाकतात, पाऊस आला की धावपळ करतात आणि भाव पडला की कपाळाला हात लावतात.

बर्फाचे शब्द, पाण्याचे शब्द

या उत्तर भागातले मूळ रहिवासी म्हणजे सामी लोक. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया अशा चार देशांत ते विखुरले आहेत. त्यांतले काही रेनडियर पाळतात, काही मासेमारी करतात, पुष्कळसे शहरांत नोकऱ्या करतात. त्यांच्या भाषांवर शाळांतून दीर्घकाळ बंदी होती. १९७९ ते १९८१ या काळात आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध त्यांनी मोठा लढा दिला, ऑस्लोच्या संसदेसमोर उपोषण केले. धरण झालेच. पण त्या लढ्यातून १९८९ साली नॉर्वेतल्या सामींची स्वतःची संसद उभी राहिली.

सामी भाषेत बर्फाला ढीगभर शब्द आहेत. खाली चारा असलेला आणि रेनडियरला खुराने उकरता येईल अशा बर्फाच्या स्थितीला 'गुओह्तुन' म्हणतात. जमिनीला चिकटून कडक झालेल्या बर्फाच्या थराला 'चुओह्की' म्हणतात. हा दुसरा शब्द आजकाल फार ऐकू येतो. कारण ऐन हिवाळ्यात आता मधूनच पाऊस पडतो, ते पाणी गोठते आणि चाऱ्यावर काचेसारखा थर बसतो. खाली चारा असूनही वर जनावर उपाशी राहते.

हे ऐकताना मला माझा तो विद्यार्थी आठवत होता. त्याच्या आजोबांच्या तोंडी पाण्याचे किती शब्द होते! भरती, सुकती, उधाण, भांग. तिथी सांगितली की पाणी किती वाजता चढेल आणि कुठल्या खुंटापर्यंत येईल हे ते बसल्या जागी सांगत. जिताडा कधी, बोई कधी, निवट्या कुठल्या चिखलात, चिंबोरी कुठल्या बिळात, हे सारे त्या शब्दांना बांधलेले होते. खाडीत मासा उरला नाही तेव्हा ते शब्दही निरुपयोगी झाले. त्याच्या रिक्षावाल्या मुलाला 'भांग' म्हटले की होळी आठवते, अमावास्या-पौर्णिमेच्या मधले मंद पाणी आठवत नाही. भाषा अशी हळूहळू जाते. तिच्यावर बंदी घालावी लागतेच असे नाही.

कोळशाच्या गावी

ट्रोम्सोहून विमानाने स्वालबार्डला पोहोचायला दीड-पावणेदोन तास लागतात. ७८ उत्तर अक्षांश. कोलशेत १९ अंशांवर आहे. लाँगयरब्येन हे तिथले मुख्य गाव, वस्ती जेमतेम अडीच हजार. रात्री बारा वाजता लख्ख ऊन होते. २० एप्रिलच्या सुमारास जो सूर्य वर राहतो, तो थेट ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत मावळत नाही. हिवाळ्यात याच्या उलट. डोंगरांमुळे गावात पहिले ऊन येते ते ८ मार्चच्या आसपास, आणि त्या दिवशी लहानथोर माणसे जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांपाशी जमून सूर्याचे स्वागत करतात. टिळकांचा सिद्धान्त बाजूला ठेवला, तरी चार महिन्यांनी येणाऱ्या उन्हाला माणूस हात जोडणारच, एवढे तिथे उभे राहिल्यावर पटते.

१९०६ साली जॉन मन्रो लाँगयर या अमेरिकन उद्योजकाने कोळशासाठी हे गाव वसवले. आजही तिथे हॉटेलात किंवा संग्रहालयात शिरताना जोडे बाहेर काढावे लागतात. खाणीतली काळी धूळ घरात येऊ नये म्हणून पडलेली ही रीत. मला मात्र क्षणभर माहेरी आल्यासारखे वाटले. गावाची हद्द ओलांडायची तर अस्वलाच्या भीतीने बंदूक सोबत लागते. बाळंतपणासाठी बायकांना आधीच मुख्य भूमीवर पाठवतात. बेकार माणसाला पोसण्याची व्यवस्था तिथे नाही. ज्याला काम, त्यालाच मुक्काम.

आम्ही गेलो तेव्हा सातव्या क्रमांकाची खाण, नॉर्वेची तिथली शेवटची खाण, अजून चालू होती. कोळशावरचे वीजकेंद्र २०२३ मध्येच बंद झाले होते. २०२५ च्या उन्हाळ्यात ती खाणही बंद झाली. आता गाव चालते ते पर्यटन, विद्यापीठाचे शिक्षण आणि संशोधन यांवर. डोंगरउतारावर जुन्या रोपवेचे लाकडी मनोरे रिकामे उभे आहेत.

ते मनोरे पाहताना मला आमचा कोलशेत रस्ता दिसत होता. आमच्या गावानेही एकापाठोपाठ एक धंदे पाहिले. आधी खाडीतली मासेमारी आणि खारजमिनीतला भात. मग रेती. खाडीच्या तळाशी बुडी मारून बादलीने रेती वर काढणारे मजूर मी पाहिले आहेत, पुढे सक्शन पंप आले आणि काठ ढासळू लागले. मग सँडोजसारखे मोठे कारखाने, त्यांचे भोंगे, त्यांच्या पाळ्या. आता त्या जमिनींवर तीस-तीस मजल्यांच्या इमारती आहेत आणि जाहिरातीत 'खाडीचे विहंगम दृश्य' विकले जाते. जो खाडीतून मासा काढत होता त्याला दृश्य परवडत नाही, आणि ज्याला दृश्य परवडते त्याला खाडीत मासा होता हे ठाऊक नाही.

मात्र एक फरक आहे. लाँगयरब्येनमध्ये खाण बंद होणार हे आधी ठरले, तारीख पुढे-मागे झाली, त्यावर चर्चा झाली. आमच्याकडे खाडीची मासेमारी कुठल्या दिवशी संपली हे कोणालाच सांगता येणार नाही.

हिमाद्रीच्या दारात

लाँगयरब्येनहून बोटीने वायव्येला न्यू-ऑलेसुंद नावाची छोटी वस्ती लागते. हेही कोळशाचेच गाव. नोव्हेंबर १९६२ मध्ये खाणीत स्फोट होऊन २१ माणसे दगावली आणि खाणकाम कायमचे थांबले. त्या प्रकरणावरून पुढच्या वर्षी नॉर्वेचे सरकार पडले. आज तिथे अनेक देशांची संशोधन केंद्रे आहेत. संवेदनशील उपकरणांना अडथळा नको म्हणून वस्तीत मोबाइल, वायफाय बंद ठेवावे लागतात. पर्यटकांनाही फोन बंद करायला सांगतात. उन्हाळ्यात हंसासारखी बदके रस्त्यावरून चालतात आणि सुरय पक्षी डोक्यावर चोच मारायला येतात.

तिथे भारताचे 'हिमाद्री' केंद्र आहे. १ जुलै २००८ रोजी ते सुरू झाले. साधे लाकडी घर, पण दारावर आपल्या देशाचे नाव. त्याचा कारभार चालतो गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्रातून. २०१४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी जवळच्या फ्योर्डमध्ये पाण्याखाली उपकरणे सोडली. डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्याच्या अंधारातही आपले शास्त्रज्ञ तिथे राहू लागले. आपण तिथे कशाला, असे कोणी विचारील. याच केंद्रातल्या संशोधकांनी आर्क्टिकमधल्या कारा समुद्रावरचा घटता बर्फ आणि भारतातला सप्टेंबर महिन्यातला अतिवृष्टीचा पाऊस यांच्यात संभाव्य नाते असल्याचे २०२१ मध्ये मांडले. आमच्या भाताला सप्टेंबरचा पाऊस तारतो किंवा मारतो. तेव्हा तो प्रश्न आमचाच आहे.

स्वालबार्डच्या एका डोंगरात जगभरच्या पिकांचे बियाणे जपणारी तिजोरी आहे. तीही २००८ चीच. हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने तिथे बियाणे ठेवले आहे. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा ही त्या संस्थेची पिके. आपल्या भाकरीचे बी उणे १८ अंशांत झोपले आहे. कायम गोठलेली जमीन त्याचे रक्षण करील असा भरवसा होता. २०१६ मध्ये उष्ण हवेने प्रवेशद्वाराच्या बोगद्यात पाणी शिरले. बियाण्याला धक्का लागला नाही, बोगदा दुरुस्त झाला. पण ज्याच्या भरवशावर तिजोरी बांधली तोच बर्फ पातळ होऊ लागला, हे सर्वांना कळले.

तर, खाडीचे उत्तर

पेल्यात पाणी घ्या, त्यात बर्फाचा खडा टाका. तो वितळला तरी पाण्याची पातळी वाढत नाही. समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाचे तसेच. तो गेला तर अस्वलाचे आणि हवामानाचे नुकसान होते, पण त्याने समुद्र वर चढत नाही. आता पेल्यावर चाळणी धरून तिच्यात बर्फ ठेवा. तो वितळला की पेला भरतो. जमिनीवरच्या बर्फाचे असे आहे. असा सर्वांत मोठा साठा उत्तरेला ग्रीनलंडवर आहे. महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठ्या क्षेत्रावर सरासरी दीड किलोमीटरहून जाड बर्फ. तो सगळा वितळला तर जगातले समुद्र सुमारे सात मीटर चढतील. हे आपल्या हयातीत होणार नाही, त्याला शतकानुशतके लागतील. पण वितळणे सुरू आहे. १९७९ पासूनच्या नोंदींवरून ध्रुवप्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातले समुद्र सुमारे २० सेंटिमीटर चढले, आणि चढण्याचा वेग वाढतो आहे.

यापुढची गोष्ट मला वर्गात कधीच शिकवता आली नव्हती. ग्रीनलंडचा प्रचंड बर्फ आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतीचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो. तो वितळला की ती ओढ कमी होते आणि दाब गेल्याने तिथली जमीनही वर येते. म्हणून ग्रीनलंडच्या जवळ समुद्राची पातळी उलट खाली जाते, आणि ते पाणी दूरच्या, उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त चढते. म्हणजे तिकडच्या बर्फाचे पाणी तिकडच्या दारात न थांबता आपल्या दारात येते.

वीस सेंटिमीटर म्हणजे एक वीत. मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढते तिथे वीतभराने काय होते? उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, तर त्या वितीने पाणी उंबऱ्याबाहेर राहायचे की आत यायचे हे ठरते. २६ जुलै २००५ चा दिवस ठाणे-कल्याणात कोण विसरेल? त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पावसाचा दोष मी ध्रुवावर टाकत नाही. पण उल्हास नदीच्या पाण्याला समुद्राकडे जायची वाट आमच्या खाडीतूनच आहे. ती वाट आपण भराव टाकून अरुंद करायची, तिवरे तोडायची आणि वर समुद्रही वीत-वीत चढू द्यायचा, हे तिन्ही एकदम परवडणार नाही.

नोव्हेंबरात मी पुन्हा खाडीवर गेले. ओहोटी होती. ठाणे परिसरातल्या चिखलावर थंडीत टिलवा नावाचा चिमणीएवढा पक्षी येतो. त्याची पैदास उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात होते आणि हिवाळा काढायला तो इकडे येतो. मी न पाहता जो टुंड्रा शिकवत होते, त्याचे रहिवासी दरवर्षी माझ्या शाळेजवळच्या चिखलात उतरत होते आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी होते.

माझा विद्यार्थी उलट्या होडीवर बसला होता. मी त्याला पेल्याचे, चाळणीचे, ग्रीनलंडचे सगळे सांगितले. त्याने नीट ऐकले. वर्गात कधी ऐकले नव्हते इतके नीट. मग धक्क्याच्या दगडावर बोट ठेवून म्हणाला, "आमचा बाबा होता तवा उधानाचं पानी हितवर येत व्हतं." आणि बोट वीतभर वर सरकवून म्हणाला, "आता हितवर येतंय. मना वाटलं, धक्काच खचला."

धक्का खचला असेल, गाळ साचला असेल, समुद्र चढला असेल. बहुधा तिन्ही. त्या वितीत उत्तरेचा वाटा किती आणि आपला किती, हे मोजायला उपकरणे लागतील. पण तिवरे राखायला आणि भराव थांबवायला उपकरणांची वाट पाहावी लागत नाही. तेवढे मी त्याला सांगितले.

"ते आमी किती वर्स सांगतो, बाई," तो म्हणाला. "तुमी पेपरात लिवा."

म्हणून लिहिले.